अठरा मिनिटांचा बगळा

मी निवेदक आहे. दिवसा चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये असतो, पण तो पोटापाण्याचा भाग झाला. खरा मी संध्याकाळी सहानंतरचा, माइकसमोरचा. गेल्या वीस वर्षांत पिंपरी-चिंचवडात जेवढे वाढदिवस, उद्घाटनं आणि गुणगौरव झाले, त्यांतल्या निम्म्यांना माझा आवाज आहे. 'कार्यसम्राट', 'दानशूर', 'तरुणांचे आशास्थान' ही विशेषणं मी झोपेतही योग्य क्रमाने म्हणतो, असं बायको सांगते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लारिसाताईंच्या बॅलेचा पहिल्यांदा सत्यानाश कोणी केला असं कोणी विचारलं, तर त्याचं उत्तर मी आहे.

लारिसाताई रशियाच्या. व्होल्गाकाठच्या कुठल्याशा शहरात नऊ वर्षांच्या असताना त्यांना बॅलेच्या शाळेत घातलं. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून, गिरक्या घेत, चेहऱ्यावर दुखणं न दाखवता नाचायचं, ही ती विद्या. आठ वर्षं शिकल्या, मग अकरा वर्षं एका थिएटरात नाचल्या. "मागल्या रांगेत, डावीकडनं तिसरी," असं त्या स्वतःच सांगतात. पुढच्या रांगेत जायची वेळ आली तेव्हा गुडघा गेला. काही वर्षं पोरांना शिकवलं आणि सदतिसाव्या वर्षी, बड्या लग्नांत नाचणाऱ्या परदेशी मुलींच्या एका ग्रुपबरोबर भारतात आल्या. लोणावळ्याच्या एका लग्नात तो ग्रुप आणणारा एजंटच पळून गेला. बाकीच्या मुली रडत दिल्लीला परतल्या. ह्या मोशीला आल्या, कारण मांडववाला मोशीचा होता आणि त्याच्या टेम्पोत एक जागा रिकामी होती.

मोशीत रुक्मिणीबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहिल्या आणि मराठी शिकल्या ती रुक्मिणीबाईंकडूनच. त्यामुळे ही उंच, गोरीपान, मान ताठ ठेवणारी बाई तोंड उघडते तेव्हा थेट मोशीच्या बांधावरचं बोलते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या कपातला चहा हमखास बशीत सांडतो.

त्या निर्मात्या झाल्या त्याला एक टेम्पो कारण झाला. चाकणच्या एका कंपनीने नवा मालवाहू टेम्पो बाजारात आणला होता. लारिसाताईंचं काम एवढंच होतं की, 'परदेशी पाहुणी' म्हणून टेम्पोशेजारी उभं राहायचं आणि हसायचं. टेम्पोवरचं मखमली कापड वर जाता जाता आरशाला अडकलं. समोर साहेबलोक, पाठीमागे बँडवाले, आणि कार्यक्रमाचा ठेकेदार घामाघूम होऊन नुसता उभा. लारिसाताईंनी त्याच्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला.

"दिवं बंद कर. बाजा चालू ठीव. चौघं मागनं या आन् फाडा ते कापाड!"

अर्ध्या मिनिटात दिवे लागले तेव्हा टेम्पो उघडा होता आणि साहेबलोक टाळ्या वाजवत होते. अंधार हा कार्यक्रमाचाच भाग होता असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या महिन्यापासून 'लारिसा प्रॉडक्शन्स' सुरू झालं. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ही बाई कंपन्यांचे वर्धापनदिन, सोसायट्यांचे मेळावे आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस उभे करू लागली. इथे राहायच्या परवान्याच्या कागदांची फाइल काखेत मारून दरवर्षी सरकारी कचेरीत खेटे घालायच्या, ते वेगळंच.

मिळवलेलं सगळं त्या एका खोलीत ओतायच्या. रुक्मिणीबाईंचा वरचा हॉल, भिंतभर आरसा आणि कमरेइतक्या उंचीवर एक लाकडी दांडी. तिथे त्या मुलींना बॅले शिकवायच्या. मुली यायच्या, वर्षभर टिकायच्या, दहावीच्या क्लासला निघून जायच्या. टिकली ती एकच, मिनल. भोसरीच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणाऱ्या साहेबरावांची मुलगी. दहा वर्षांची असताना आली आणि ताथवड्याला इंजिनिअरिंगला गेली तरी येतच राहिली. कॉलेज, बस, दांडी, घर, अशी अकरा वर्षं.

तिच्यासाठी लारिसाताईंनी एक बॅले रचला होता. अठरा मिनिटांचा. मोशीच्या शेतात रोज एक बगळा उतरतो. एके दिवशी शेतात इमारत उभी राहते. सहा मुली अंगावर पुठ्ठ्याची उंच खोकी घालून इमारती व्हायच्या. एकेक इमारत पुढे सरकते तशी बगळ्याची जागा कमी होत जाते. आधी पंख मिटावे लागतात, मग एक पाय उचलावा लागतो, आणि शेवटी बगळा एका पायाच्या बोटांवर उभा राहतो. बस्स, एवढीच गोष्ट.

ही गोष्ट एकदा तरी, पहिल्या मिनिटापासून अठराव्या मिनिटापर्यंत, मध्ये कोणी न बोलता, लोकांसमोर व्हावी एवढीच लारिसाताईंची इच्छा होती. चाकणच्या निम्म्या कंपन्यांना वेळेत कार्यक्रम करून देणाऱ्या बाईला स्वतःची अठरा मिनिटं मिळत नव्हती.

संधी मिळायची ती वर्षातून एकदा, दादासाहेबांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात. पहिल्या वेळी पाचव्या मिनिटाला दादासाहेब आले. दादासाहेब म्हणजे आमचे माजी नगरसेवक आणि फ्लेक्सवरचे भावी आमदार. दारात ढोल वाजला, फटाके फुटले. खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण वीस वर्षांची सवय. हात आपोआप माइककडे गेला. "ज्यांच्या आगमनाची आपण सारे चातकासारखी वाट पाहत होतो..." असं म्हणत मी संगीत बंद करायला लावलं. मिनल पंख पसरून स्टेजच्या मधोमध उभी होती. कोणीतरी तिलाच हार धरायला दिला.

दुसऱ्या वेळी चिठ्ठ्या आल्या. निवेदकाचा हा जुना आजार. ज्यांची नावं यादीत राहतात, ते कार्यकर्त्याच्या हाती चिठ्ठी पाठवतात आणि ती वाचावीच लागते. न वाचणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. दहाव्या मिनिटाला अकरा चिठ्ठ्या जमल्या. मी बॅले थांबवून अकरा सत्कार केले, आणि उरलेल्या आठ मिनिटांत पुरणपोळीच्या पंगतीची घोषणा झाली.

तिसऱ्या वेळी लारिसाताईंनी अक्कल लढवली. सत्कार आधी उरकायचे ठरवले आणि सत्काराचीच कवायत बसवली. शाल डावीकडून, नारळ उजवीकडून, पाहुणा मधून, फोटो, पुढचा. तेवीस सत्कार नऊ मिनिटांत! मी धापा टाकत नावं वाचली. असा सत्कार पिंपरी-चिंचवडने पाहिला नव्हता. मग संगीत सुरू झालं, मिनल स्टेजवर आली आणि दादासाहेब उठले, कारण त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. दादासाहेब उठले म्हणून कार्यकर्ते उठले. कार्यकर्ते उठले म्हणून बाकीचे उठले. सत्कार झालेल्या माणसाला बसून राहायला काही कारणच उरलं नव्हतं. सातव्या मिनिटाला सभागृहात साहेबराव, त्यांच्या पत्नी जाईबाई, पडदा ओढणारा सोनबा आणि मी, एवढेच होतो. पुढारी गेले म्हणजे कार्यक्रम संपला, हे मांडववाल्याच्या माणसांना पक्कं ठाऊक. ते आले आणि स्टेजवरचा हिरवा गालिचा एका टोकाकडून गुंडाळायला लागले. मिनल नाचत नाचत मागे सरकत गेली. नवव्या मिनिटाला तिच्याखाली गालिचा उरला नाही.

लारिसाताई त्या गुंडाळलेल्या गालिच्यावर बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "निरंजन, ही मान्सं का गेली?"

"सत्कार झाला ना ताई."

"आन् सत्कार झाला नसता तर?"

"तर कोण उठतंय? नाव पुकारल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही."

त्या गालिच्यावरून उठल्या. मग गळ्यातलं स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

ह्याला एक वर्ष झालं. ह्या वर्षी मिनलला हैदराबादला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि दादासाहेबांचा वाढदिवस शनिवारी होता. म्हणजे ही शेवटची संधी, हे त्या दोघींनाही कळत होतं, पण दोघीही त्याबद्दल बोलत नव्हत्या. मिनल फक्त रोज एक तास जास्त थांबू लागली.

लारिसाताई मला घेऊन दादासाहेबांकडे गेल्या. "दादासाहेब, औंदा सत्कार शेवटी करू. आमच्या रशियात मोठ्या मान्साचा मान शेवटाला आस्तो."

दादासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बरोबर हाय. लग्नातबी नवरदेव समद्यात शेवटी येतो. पर बाकीच्यांचा?"

"तुमच्या मागनं समद्यांचा. यादी मोठी करू. कुणी नाराज नको."

बाहेर आल्यावर त्यांनी मला यादी वाढवायला सांगितलं. माझी यादी नेहमी वीस-बावीसची. त्यांनी ती दादासाहेबांसकट एकेचाळीसवर नेली. सोसायट्यांचे अध्यक्ष, मंडळांचे आधारस्तंभ, सांगवीचे दोन डॉक्टर, एक वधूवर सूचक मंडळवाले. प्रत्येकाला मी स्वतः फोन केला. "आपला सत्कार आहे. बॅले झाल्यानंतर लगेच." प्रत्येकाने विचारलं, "नक्की ना?" मी म्हणालो, "शाल आणलीसुद्धा."

आणली होतीच. एकेचाळीस शाली, एकेचाळीस नारळ.

चिंचवडचं ते नाट्यगृह आम्हाला सात ते नऊ मिळालं होतं. साडेनऊला नाटकाचा प्रयोग असल्यामुळे नऊ म्हणजे नऊ. लारिसाताई दुपारीच सोनबाशी काहीतरी बोलताना दिसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई, तब्येत इचारत व्हते."

सातचा कार्यक्रम. दादासाहेब सव्वाआठला आले. दीपप्रज्वलन झालं, त्यात वारा नसताना वात तीनदा विझली. प्रास्ताविक झालं, शुभेच्छांची दोन भाषणं झाली. आठ वाजून छत्तीस मिनिटांनी लारिसाताईंनी विंगेतून मला बोट दाखवलं आणि मी म्हणालो, "सादर होत आहे, बॅले. त्यानंतर सत्कार." शेवटचे दोन शब्द मी जरा जोरातच म्हणालो.

कोणी उठलं नाही! पुढच्या तीन रांगांत एकेचाळीस इस्त्रीचे कुर्ते ताठ बसले होते. दादासाहेब मधोमध. त्यांच्यामुळे कार्यकर्ते बसलेले आणि कार्यकर्त्यांमुळे बाकीचं सभागृह. मिनल आली, तिने पंख पसरले आणि मोशीच्या शेतात बगळा उतरला.

तिसऱ्या मिनिटापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. 'लवकर आटपा.' 'माझा सत्कार आधी घ्या, सासरे आजारी आहेत.' 'किती वेळ?' सातव्या मिनिटाला दादासाहेबांचा माणूस विंगेत आला आणि माझी बाही ओढून म्हणाला, "भाऊ, बास झालं आता. घोषणा करा. सायबांना पुढं जायचंय."

माझा हात माइकवर गेला. वीस वर्षांची सवय. समोरच्या विंगेत लारिसाताई उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहतही नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते, मोजत होत्या. मी माइक उलटा केला, त्यातले दोन्ही सेल काढले आणि खिशात टाकले.

"माइक बंद पडलाय," मी म्हणालो.

"मग बिनमाइकचं बोला की!"

"मला जमत नाही," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी विंगेत गप्प उभा राहून स्टेजकडे पाहिलं. इमारती पुढे सरकत होत्या. बाराव्या मिनिटाला बगळ्याने पंख मिटले. पंधराव्याला एक पाय उचलला. मोशीला माझ्या मामांचं शेत होतं, तिथे आता एका सोसायटीची एच विंग आहे, आणि मी तिच्या पायाभरणीचंही निवेदन केलं होतं. मला एकदम रडू आलं. लाज वाटली आणि तरीही आलं. अठराव्या मिनिटाला मिनल एका पायाच्या बोटांवर उभी राहिली, सहा पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि हलली नाही. पुढच्या रांगांतली चुळबुळ थांबली होती. कोणाचा तरी फोन वाजला, त्याने तो चटकन दाबला.

मग संगीत थांबलं. लारिसाताईंनी स्टॉपवॉच दाबलं.

पहिली टाळी मागून आली, साहेबरावांची. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. काहींनी नाच आवडला म्हणून, काहींनी संपला म्हणून. विंगेत लारिसाताई मिनलचं डोकं पोटाशी धरून उभ्या होत्या आणि रुक्मिणीबाईंच्या भाषेत पुटपुटत होत्या, "झालं गं बाई. झालं एकदाचं."

आठ वाजून चोपन्न मिनिटं झाली होती. मी सेल परत घातले. दादासाहेबांना पाचारण केलं. फेटा, शाल, नारळ, मानचिन्ह, फोटो, कार्यकर्त्यांबरोबर फोटो, कुटुंबाबरोबर फोटो. दादासाहेब दोन शब्द बोलायला उभे राहिले. "इमारतींचं काम लई झ्याक केलं पोरींनी," ते म्हणाले. "मोशीचा इकास अगदी डोळ्यांफुडं उभा केला." ते पुढे काय म्हणणार होते ते कळलं नाही, कारण नऊ वाजले आणि सोनबाने पडदा टाकला.

पडद्याच्या त्या बाजूला चाळीस कुर्ते उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला घेरलं. शिव्या खाल्ल्या, त्या इथे लिहीत नाही. मला वाटलं, निवेदन संपलं आपलं. आता फक्त गिअर मोजायचे. एवढ्यात दादासाहेबांनी मला गाडीशी बोलावलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"निरंजनराव, असा वाढदीस झाला न्हाई आजवर. येकट्या माजा सत्कार! दुसरं कुणीच न्हाई! त्यो नाच आजून लांबवता येईल का वं?"

रविवारी सकाळपर्यंत ही कल्पना शहरभर पसरली होती. दुपारपर्यंत मला पाच पुढाऱ्यांचे फोन आले. सगळ्यांना तो रशियन नाच हवा होता. आधी ठेवायचा, लांब ठेवायचा, आणि त्यानंतर वेळ उरेल तो फक्त साहेबांना. एकाने तर विचारलं, "दोन तासांचा असतो का? पाहिजे ते देऊ."

मी गाडी काढली आणि मोशीला धावलो. मिनल नमस्कार करायला आलेली होती, खाली साहेबराव रिक्षा थांबवून उभे होते. "जय भीम, निरंजनभाऊ," ते म्हणाले. "अठरा मिनिटांत आमच्या प्रेसवर दोनशे सोळा जॉब निघतात. काल पहिल्यांदा मोजले नाहीत." वर गेलो तर मिनल निघतच होती. तिने आपले सॅटिनचे बूट दांडीला अडकवले, लारिसाताईंच्या पाया पडली आणि मागे न बघता जिना उतरली.

मी एका दमात सगळं सांगितलं. पाच कार्यक्रम, दोन तास, पूर्ण शांतता, मागाल ते पैसे. इतकी वर्षं जे मागत होतात ते आता लोक आणून देतायत, ताई!

लारिसाताई आधी हसल्या. खूप हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पाणी थांबेना.

"येळ नव्हता तवा मिनल व्हती," त्या म्हणाल्या. "आता येळ हाय."

"दुसरी मिळेल की."

"मिळत न्हाई रं. करावी लागती. अकरा वर्सं लागत्यात."

त्या चोपन्न वर्षांच्या आहेत. मी मनात बेरीज केली आणि गप्प बसलो. कालपासून ते मला जमायला लागलं होतं. जिन्यावर पावलं वाजली. चारची बॅच होती, सहा-सात वर्षांच्या पाच मुली, त्यांत सोनबाची नात. लारिसाताईंनी पदराने डोळे पुसले, मिनलचे बूट दांडीवरून काढून कपाटात ठेवले आणि टाळी वाजवली. सोनबाच्या नातीने उजव्याऐवजी डावा पाय पुढे केला.

"त्यो न्हाई, दुसरा," लारिसाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "निरंजन, पाचीबी कार्यक्रम न्हाई म्हनून सांग. आन् अकरा वर्सांनंतरचा येक घे. दोन तासांचा. लिव्ह डायरीत."

मी हसलो. त्या हसत नव्हत्या. मी लिहिलं.

त्या चाळीस जणांचे फोन अजून येतात. "निरंजनभाऊ, आमच्या सत्काराचं काय झालं?" शाली माझ्या कपाटात घडी करून ठेवल्या आहेत. मी प्रत्येकाला सांगतो की, सत्कार रद्द झालेला नाही, बाकी आहे, बॅलेनंतर नक्की आहे. एकानेही अजून यादीतून नाव काढायला सांगितलेलं नाही.